श्वास धरा

२३ नोव्हेंबर २०२५, रविवार

मारोतीकाकांनी शेवटी कॅमेरा दिला. मी विकत घेतो म्हणालो, तर त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. वणीच्या जुन्या बसस्टँडजवळ त्यांचा फोटो स्टुडिओ होता. आता तिथे मोबाईलच्या काचा बसवून मिळतात. घराच्या मागच्या खोलीत मात्र त्यांनी सगळं जपून ठेवलंय: ट्रे, लाल दिवा, फोटो मोठे करायचं यंत्र आणि हा दोन भिंगांचा कॅमेरा. तो पोटाशी धरायचा आणि वरून खाली काचेत बघायचं. वरच्या भिंगातून आपण बघतो, खालच्यातून फोटो निघतो.

देताना त्यांनी त्याची खोडही सांगितली. शटर चिकटतं. खालच्या भिंगात पातळ पात्या असतात, त्या क्षणभर उघडून मिटतात. भर उन्हात, जलद वेगावर त्या नीट चालतात. उजेड कमी असला आणि वेग हळू ठेवला की अडकतात. कधी उघडत नाहीत, कधी उघडल्या की मिटत नाहीत. "आतलं तेल जुनं झालं ना अमरभाऊ, थंडीत खोबरेल गोठते तसं होते त्याचं," काका म्हणाले. "उन्हात वापर. सावलीत त्याचा भरोसा नाई."

मी शेहेचाळीस वर्षांचा आहे. कॉलेजात ग्रंथपाल आहे. माझ्या मोबाईलमध्ये चार हजारांवर फोटो आहेत आणि त्यातला एकही घरातल्या भिंतीवर नाही. एका रोलमध्ये बारा फोटो निघतात, म्हणजे प्रत्येक फोटोआधी विचार करावा लागेल, हे कारण मी बायकोला, समीक्षाला, सांगितलं. ते खरं आहे. पण लोकांनी मला असा कॅमेरा घेऊन फिरताना बघावं, असंही थोडं वाटतं. इथे तरी लपवू नये.

२६ नोव्हेंबर

रोल न घालता शटर वीस वेळा दाबून पाहिलं, हळू वेगावर. सकाळी सातला वीसपैकी नऊ वेळा अडकलं. दुपारी एकला, गच्चीवर उन्हात तासभर ठेवल्यावर, वीसपैकी दोनदा. संध्याकाळी पुन्हा सात वेळा. अडकलं की तळहाताने हलकी थाप मारायची, मग सुटतं.

आता रोज सकाळी मी कॅमेरा लोकरीच्या मफलरमध्ये गुंडाळून उन्हात ठेवतो. समीक्षा कपडे वाळत घालताना म्हणाली, माझ्या आईच्या गुडघ्यांना एवढं ऊन कधी दाखवलं नाही तुम्ही. दुपारी आईला फोन केला, पण गुडघ्यांचं विचारायचं राहिलं. आणि मुळात ती तिच्या आईबद्दल बोलत होती.

१ डिसेंबर, सोमवार

शीला आणि मी अकरा वर्षं एकाच ग्रंथालयात आहोत. पुस्तकं देण्या-घेण्याची खिडकी तिच्याकडे असते. तिचं माहेर इथून चौदा किलोमीटरवरच्या बंजारा तांड्यात आहे. आज डबा खाताना तिने टेबलावरचा कॅमेरा बराच वेळ बघितला आणि मग एक काम सांगितलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा.

तिचे वडील डोंगरसिंग राजूरच्या खाणीत अठ्ठावीस वर्षं जमिनीखाली काम करत होते. फुप्फुसं गेली आहेत. डॉक्टरांनी घरच्यांना सांगून टाकलंय की ही थंडी निघाली तर निघाली. आणि तिच्या आईचा, रामीबाईंचा, एक हट्ट आहे. दोघांचा एकत्र असा एकही फोटो नाही. लग्नात काढला नव्हता, नंतर राहून गेला. त्यांना लग्नातला पूर्ण पोशाख घालून नवऱ्याशेजारी बसायचंय: काचा लावलेला घागरा, गालांवर लोंबणाऱ्या चांदीच्या घुगऱ्या, दंडात बलियांच्या पांढऱ्या बांगड्या.

"एरवी ती साडीच नेसते," शीला म्हणाली. "पण बा गेला का मंग तिले ते घालताच येत नाई जी. नवरा हाय तवरच."

तांड्यातल्या घरांत मारोतीकाकांनी काढलेले काळेपांढरे फोटो अजून टांगलेले आहेत. रामीबाईंना तसाच फोटो हवाय. मी लगेच हो म्हणालो. इतक्या लगेच की शीलालाही नवल वाटलं असावं. घरी आल्यावर वाटलं, त्या माणसाच्या आजाराबद्दल मी एकही प्रश्न विचारला नाही. पोशाखाबद्दल मात्र चार विचारले.

७ डिसेंबर, रविवार

तांड्यावर जाऊन आलो. रस्ताभर कोळशाचे ट्रक आणि दोन्ही बाजूंना कापसाची वेचणी. शीला आधीच पोचली होती.

डोंगरसिंग अंगणात खाटेवर उन्हात बसले होते. पांढरा पटका, स्वेटर, स्वेटरवर शाल. दोन-तीन शब्द बोलले की थांबतात, श्वास गोळा करतात, पुढचे शब्द बोलतात. त्यामुळे त्यांचं साधं बोलणंही विचार करून बोलल्यासारखं वाटतं. खाणीच्या पासवर फोटो काढायचे तेव्हाची गोष्ट त्यांनी सांगितली. फोटोवाला म्हणायचा, हसू नको. "मी म्हटलं, अंधारात चाललो बाप्पा. हसून कोणाले दाखवू." आणि स्वतःच हसले. त्या हसण्याचा खोकला झाला, आणि तो थांबेपर्यंत रामीबाई त्यांच्या पाठीवर हात धरून उभ्या राहिल्या.

रामीबाई मला मास्तर म्हणतात. मी शिकवत नाही, पुस्तकं सांभाळतो, असं मी दोनदा सांगितलं. त्या हो म्हणाल्या आणि पुन्हा मास्तर म्हणाल्या. त्यांनी पेटी उघडून सगळं दाखवलं. घुगऱ्या काळ्या पडल्या होत्या. घागऱ्याच्या पाऊणशे तरी काचा निघालेल्या, एका बाजूने उंदरांनी कुरतडलेलं. म्हणाल्या, तुम्ही म्हणाल तर आज आहे तसाच घालते.

मीच म्हणालो, नीट करून घ्या, सावकाश. त्यांनी दोन आठवडे मागितले. एकवीस तारीख ठरली.

आज ऊन छान होतं. डोंगरसिंग बसू शकत होते. कॅमेरा सोबत होता, रोल भरलेला होता. मी आजच का काढला नाही? त्यांचा घागरा नीट व्हावा म्हणून, असं मी तिथे स्वतःला सांगितलं. पण उंबऱ्याच्या आत, दाराच्या सावलीत, जो मऊ उजेड पडतो तो मी आजच हेरला होता. तिथे फोटो काढायचा तर शटरची आणखी तयारी हवी, हेही मनात होतं. काकांनी सावलीत नेऊ नको म्हटलं होतं. पण उन्हात चेहऱ्यांवर काळ्या सावल्या पडतात, डोळे किलकिले होतात. आयुष्यातला एकच फोटो, तर तो चांगला का नको?

दोनपैकी कुठलं कारण खरं, ते ठरवता येत नाही. दोन्ही असतील.

१० डिसेंबर

नागपूरला जुने कॅमेरे दुरुस्त करणाऱ्या एका गृहस्थांना फोन केला. म्हणाले, पाठवा, साफ करून देतो, महिना लागेल. महिनाभर वेळ नाही हो, असं मी म्हणालो. मग ते म्हणाले, मग देवाचं नाव घ्या आणि वापरा.

काका म्हणाले, मी रॉकेलने पुसून देतो. त्यांचे हात थरथरतात. मोतीबिंदूचं ऑपरेशन एकाच डोळ्याचं झालंय. मी नको म्हणालो. त्यांना वाईट वाटलं की नाही ते कळलं नाही. चहा मात्र त्यांनी केला.

१३ डिसेंबर

शीलाने आज सहज विचारलं. मोबाईलमध्ये काढला, काळापांढरा केला आणि चौकातल्या दुकानातून कागदावर मोठा करून आणला, तर याडीला फरक कळेल का? याडी म्हणजे आई.

मी तिला निगेटिव्हबद्दल सांगितलं. ती शंभर वर्षं टिकते, मोबाईल हरवतात, बिघडतात, वगैरे. सगळं खरं आहे. पण तिने ते विचारलंच नव्हतं. तिने विचारलेल्याचं उत्तर "नाही, कळणार नाही" हे होतं, आणि ते मी दिलं नाही. तिने मान डोलावली आणि परत आलेल्या पुस्तकांवर शिक्के मारायला घेतले. मी खोटं बोललो नाही. मग हे जे केलं त्याला काय म्हणायचं?

२१ डिसेंबर, रविवार

हातून नीट लिहिलं जाईल की नाही माहीत नाही, पण आजच लिहायला हवं. उद्या मी ते माझ्या सोयीने आठवीन.

साडेनऊला पोचलो. कडाक्याची थंडी होती. वाटेत कॅमेरा मी स्वेटरच्या आत पोटाशी धरला होता. रामीबाई तयार होऊन बसल्या होत्या. तयार व्हायला दीड तास लागला, असं शीलाने सांगितलं. मी त्यांना ओळखलंच नाही. घागऱ्याची एकूण एक काच जागेवर होती. घुगऱ्या चिंचेने घासून पांढऱ्या केलेल्या. त्या हलल्या की बारीक आवाज यायचा. दंडांत बलिया. शेजारच्या बाया बघायला आल्या होत्या. त्यातली एक म्हणाली, रामी, नवरी दिसून राह्यली, पळून नको जाऊ. डोंगरसिंग म्हणाले, "जाऊ दे. मी कुठं... पळू शकतो मागं."

शीलाचा भाऊ प्रेमसिंग आदल्या दिवशीच कामाच्या गावाहून आला होता. त्याने खाट अंगणात उन्हात टाकली होती. डोंगरसिंग पंधरवड्यात फार उतरले आहेत. उन्हात त्यांना बरं वाटत होतं. मी ती खाट दाराच्या आत, सावलीत घ्यायला लावली. हे मी करायला लावलं. कोणी विचारलं नाही का म्हणून.

शीलाने मोबाईल काढला तेव्हा मी तिला म्हणालो, आत्ता नको, नजर दोन ठिकाणी जाते. तिने तो ब्लाउजमध्ये खोचला.

डोंगरसिंग माझ्या डाव्या हाताला, रामीबाई उजवीकडे. त्यांना सरळ बसवत नव्हतं, म्हणून रामीबाईंनी पाठीमागून हात नेऊन त्यांचा पलीकडचा खांदा धरला. मी काचेत बघितलं. उजेड मला हवा तसा होता. मी म्हणालो, आता हलू नका, श्वास धरा. मारोतीकाका असंच म्हणायचे. तांड्यातल्या सगळ्यांना ते माहीत आहे. क्लिक झालं की श्वास सोडायचा.

दाबलं. काही झालं नाही. मी म्हणालो, थांबा, तसंच. शटर ताणायचा खटका पुन्हा ओढला, पुन्हा दाबलं. आवाज आला, पण अर्धा, क्लिकसारखा नाही. मी काचेत बघतच राहिलो. वरच्या भिंगातून सगळं नेहमीसारखं दिसत होतं, खालच्या पात्या उघड्या आहेत की मिटलेल्या ते त्यात कळत नाही. मला वाटलं अजून उघडल्याच नाहीत. मी पुन्हा म्हणालो, हलू नका.

डोंगरसिंग हलले नाहीत. त्यांनी श्वास धरलेला होता. मी सांगितलं होतं म्हणून ते क्लिकची वाट बघत होते. त्यांचे डोळे सरळ माझ्याकडे होते आणि मोठे होत गेले. रामीबाई त्यांच्याकडे वळल्या, त्यांच्या तोंडाजवळ तोंड नेऊन त्यांच्या बोलीत काहीतरी म्हणाल्या. घुगऱ्या वाजल्या. मला राग आला. मी हे लिहितो आहे कारण ते खरं आहे: त्या हलल्या म्हणून मला राग आला.

मी कॅमेऱ्यावर थाप मारली. खटकन काहीतरी मिटलं. आणि मग खोकला सुरू झाला.

किती वेळ झाला? शीला म्हणते दहा-बारा सेकंद. निरोगी माणसाला काहीच नाही. खोकला थांबेना. ओठ निळे झाले. प्रेमसिंगने जीप बोलावली. रामीबाई त्याच पोशाखात मागे बसल्या, घागरा दारात अडकला तो शीलाने आत ढकलला. मी बाजूला उभा होतो, गळ्यात कॅमेरा. मला काय धरायला द्यावं हे कोणाला सुचलं नाही, आणि मलाही.

२२ डिसेंबर

वणीहून त्यांना यवतमाळला हलवलं. कॅमेरा पूर्ण बंद पडलाय. खटका ओढलाच जात नाही. बरं झालं असं वाटलं, आणि मग तसं वाटल्याची लाज वाटली.

समीक्षाने विचारलं, मोबाईल होता ना तुमच्या खिशात? मी हो म्हणालो. ती कुकर लावायला आत गेली. आणखी काही बोलली असती तर मला काही उत्तर देता आलं असतं.

२४ डिसेंबर

यवतमाळला जाऊन आलो. वॉर्डच्या बाहेर डॉक्टर भेटले. दहा-बारा सेकंद श्वास धरल्याने असं होऊ शकतं का, असं मी त्यांना विचारलं. ते म्हणाले, या रुग्णाला कशानेही झालं असतं, न होण्यासारखं काही उरलंच नव्हतं. मी पुन्हा विचारलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, आपण नातेवाईक का? मी नाही म्हणालो. ते निघून गेले.

रामीबाई बाकावर बसल्या होत्या. साडी नेसलेली, पण दंडात बलिया तशाच. मी त्यांना म्हणायला लागलो की माझ्यामुळे, तर शीलाने मला जिन्यापर्यंत बाजूला नेलं. "सर, तुम्ही याडीले काही म्हणू नका. चार दिवसांपासून ती सगळ्यांची समजूत काढून राह्यली. आता तुमची बी काढा लागन तिले."

मी परतीच्या बसमध्ये बसलो. माफी मागण्यातही मी काहीतरी मागतच होतो.

२६ डिसेंबर, शुक्रवार

सकाळी डोंगरसिंग गेले.

दुपारी तांड्यावर पोचलो. खूप माणसं होती. खाणीतले जुने सोबतीही आले होते, त्यातले तिघे डोंगरसिंगांसारखेच थांबून थांबून बोलत होते. सगळं झाल्यावर ओढ्याकडून परतताना शीला माझ्याबरोबर चालली. तिने सांगितलं, फोटोसाठी घातलेल्या बलिया आईने उतरवल्याच नव्हत्या. दवाखान्यात नर्सने सुई लावायला अडचण होते, या काढा म्हटलं तर म्हणाली, सुई त्याले लावायची हाय, मले नाई. आज सकाळी बायकांनी साबण लावून त्या काढल्या. घुगऱ्याही. आता ते सगळं प्रेमसिंगच्या बायकोकडे जाईल.

एक विचार मनात आला, तो लिहितो. रामीबाईंनी पुन्हा एकदा, फक्त फोटोपुरतं, ते का घालू नये? कायदा थोडाच आहे. मी शीलाला तसं म्हणालोही, चाचरत. ती थांबली. म्हणाली, "तुम्ही सांगा तिले. मी नाई सांगत." मी पुढची पाच मिनिटं पायाखालची वाट बघत चाललो.

शीलाने आणखी एक सांगितलं. सहा जानेवारीला बाराव्याचा कार्यक्रम आहे. हार घालायला वडिलांचा फोटो नाही. आधार कार्डावरचा आहे, त्यात ते चोरासारखे दिसतात. खाणीचा पास सापडत नाही. कॅमेऱ्यात जे काही आहे ते निघेल का?

३० डिसेंबर

रोल धुवायची रसायनं मुंबईहून मागवली आहेत. सत्तावीसला निघाली, अठ्ठावीसपासून नागपुरात पडून आहेत. रोज चारदा मोबाईलवर बघतो. "मार्गावर आहे" एवढंच येतं. फोन लावला तर एक मुलगी अत्यंत नम्रपणे तेच वाचून दाखवते.

कॅमेरा कपाटात आहे. आत रोल आहे, रोलमध्ये ते दोघं आहेत किंवा नाहीत. उघडून बघता येत नाही. उघडलं तर जे असेल तेही जाईल.

३ जानेवारी २०२६

काल संध्याकाळी पार्सल आलं. आज दुपारी काकांच्या मागच्या खोलीत, खिडकीला घोंगडी लावून, रोल धुतला. काकांनी मला काही करू दिलं नाही. अंधारात त्यांचे हात थरथरत नाहीत.

आधीचे सात फोटो बरे आहेत: गच्ची, कापसाची गाडी, समीक्षाची पाठ. आठवा जवळजवळ काळा. पात्या तीन-चार सेकंद उघड्या राहिल्या, उजेड आत शिरत राहिला; जास्त उजेड पडला की निगेटिव्ह काळी होते. काकांनी तो लाल दिव्याशी धरला आणि म्हणाले, आहे, आत माणूस आहे.

त्यांच्याकडे फोटोच्या कागदाचे तीन ताव उरले होते, फार जुने. पहिला काळवंडला. दुसऱ्याला त्यांनी सहा मिनिटं उजेड दिला, माझ्या घड्याळावर. तोही वाया गेला. तिसऱ्याला नऊ मिनिटं. ट्रेमधल्या रसायनात कागद हलवत राहिलो. आधी दाराची चौकट आली, मग पटका, मग डोंगरसिंग.

डोंगरसिंग स्वच्छ आले आहेत. मिशीचा केस न केस. त्यांच्याशेजारी पांढऱ्या-राखाडी रेघा आहेत, जसं एखादं ओलं फडकं पाटीवर फिरवावं. त्या रामीबाई. काचांचे ठिपके लांबट होऊन ओघळलेत. चेहरा नाही. दंड नाही, बलिया नाहीत. त्यांचा हात तेवढा टेकलेला होता म्हणून हलला नाही. डोंगरसिंगांच्या पलीकडच्या, फोटोत डावीकडच्या, खांद्यावर चार बोटं आली आहेत, नखांसकट.

काका म्हणाले, "असा माणूस मी पन्नास वर्षांत पाह्यला नाई. एवढा वेळ कोणी हलत नाई असं होतच नाई."

मी म्हणालो, मी सांगितलं होतं त्यांना.

५ जानेवारी

ग्रंथालयात शीलाला फोटो दाखवला. खिडकीपुढे मुलांची रांग होती, तरी ती बराच वेळ बघत राहिली. मग रेघांवर बोट ठेवलं. म्हणाली, "इथं याडी बाले म्हणून राह्यली, सोड. श्वास सोड म्हणते. काही नाई होत फोटोले, म्हणते."

मला ते शब्द त्या दिवशी कळले नव्हते. कळले असते तर मी थांबलो असतो का, हे मी दिवसभर स्वतःला विचारतो आहे. हो म्हणायचा मोह होतो.

तिच्या आईला हा दाखवावा का, असं मी विचारलं. ती म्हणाली, "दुसरा कुठून आणू जी? उद्या घेऊन या."

६ जानेवारी, मंगळवार

अकराला पोचलो. अंगणात मंडप. पाटावर रिकामी जागा, शेजारी झेंडूचा मोठा हार. प्रेमसिंग वणीहून फ्रेम घेऊन आला होता. माझ्या हातातला फोटो त्याने घेतला, बघितला आणि लगेच मान हलवली. हा पाटावर ठेवता येणार नाही. आई जिवंत आहे. जित्या माणसाला हार घालत नाहीत.

हे मला सुचायला हवं होतं. काकांना सांगितलं असतं तर त्यांनी एकट्या डोंगरसिंगांचाच काढून दिला असता. आता कागद नव्हता आणि वेळही नव्हता. पाहुणे बसले होते. तिथल्या तिथे दुसरा उपाय कोणाला सुचेना. शीला म्हणाली, याडीला विचारू.

रामीबाई आत भिंतीला टेकून बसल्या होत्या. साधी साडी, मोकळे हात. फोटो त्यांनी दोन्ही हातांत धरला. मी बोलायला तोंड उघडलं आणि शीलाचं दवाखान्यातलं बोलणं आठवून मिटलं. त्यांनी आधी डोंगरसिंगांना बघितलं, पुष्कळ वेळ. मग रेघांकडे. घागऱ्याच्या काचा मोजत असाव्यात असं वाटलं मला.

"हा चांगला आला," त्या म्हणाल्या. "घाबरला नाई."

प्रेमसिंगने त्यांच्या बोलीत अडचण सांगितली. त्यांनी ऐकून घेतलं. मग फोटो माझ्याकडे दिला. "मास्तर, तुम्हीच कापा. या पोरायचे हात थरथरतेत."

शीलाने शिवणकामाची कात्री आणली. मी म्हणालो, निगेटिव्ह आहे, मी पुन्हा पूर्ण फोटो काढून देईन, तुमच्या दोघांचा. त्या म्हणाल्या, "कोणाले देता? मी तं त्यात नाईच." रागाने नाही, जसं आहे तसं.

मी कापला. दोघांच्या मधून, पटक्याच्या कडेने. कात्री बोथट होती, मध्ये ओढली गेली आणि कड वाकडी झाली. रेघांचा तुकडा माझ्या मांडीवर पडला. तो मी ठेवू का, असं विचारणार होतो. रामीबाईंनी तो उचलला आणि घडी घालून कंबरेला खोचला.

फोटो फ्रेमला अरुंद पडला. उजवीकडे पिवळा पुठ्ठा दिसत राहिला आणि माझी वाकडी कड. प्रेमसिंगने फ्रेम पाटावर ठेवली, हार घातला. हार दोन्ही खांद्यांवरून सारखा उतरला. जेवणं सुरू झाली. थोड्या वेळाने रामीबाई आतून आल्या, फ्रेमपुढे बसल्या आणि हार उजवीकडे ओढला. माझी वाकडी कड झाकली गेली. डावा खांदा उघडा पडला, त्यावरची चार बोटंही. प्रेमसिंगने वाढता वाढता येऊन हार पुन्हा सरळ केला. तो वळला तसा त्यांनी पुन्हा ओढला, उजवीकडे, आणि तिथेच बसून राहिल्या.

एवढ्या लोकांत, अशा दिवशी, त्यांनी माझी चूक झाकत बसावं हे मला बघवेना. मी न जेवता निघालो. हे बरं केलं का, तेही कळत नाही.